पाणक्या ते प्रशिक्षक : दिदिए देशाँ यांची क्रीडावाटचाल

दरवर्षी क्रीडासप्ताह जवळ आला, की आमच्या मैदानावर संध्याकाळच्या वेळी फुटबॉलचे संघ पाडले जातात आणि दरवर्षी तोच प्रसंग घडतो. गोल करावयास सारेच तयार असतात. दोन-तीन धिप्पाड मुले बचावाला उभी राहतात, एखादा हौशी मुलगा गोलरक्षक होतो. मैदानाच्या मधोमध, आपल्या बचावफळीच्या पुढे आणि आघाडीच्या मागे उभे राहावयास मात्र कोणी आपण होऊन पुढे येत नाही. त्या जागेला टाळ्या नाहीत. अखेर जो काही बोलत नाही, त्याला तेथे ढकलले जाते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना तो ढकलला गेलेला मुलगा आठवत असेल. काही जण स्वतःच तो असतील. प्रस्तुत लेख त्या जागेविषयी आहे, आणि तेथे आयुष्य घालवून फुटबॉलचे जगज्जेतेपद एकदा कर्णधार म्हणून व एकदा प्रशिक्षक म्हणून मिळविणाऱ्या एका फ्रेंच गृहस्थाविषयी आहे.

त्यांचे नाव दिदिए देशाँ. आपल्या वृत्तपत्रांत ते 'डेसचॅम्प', 'डेशॅम्प्स' अशा नाना रूपांत छापले जाते. फ्रेंच लोक मात्र शेवटची बरीच अक्षरे गिळून 'देशाँ' एवढेच म्हणतात. शब्दाचा अर्थ 'शेतांकडचा' असा आहे.

प्रथम जागेचे काम समजून घेऊ. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. उरलेला सारा वेळ प्रश्न एकच असतो : आता मी कोठे उभा राहू? आघाडीच्या खेळाडूने या प्रश्नाचे उत्तर चुकविले, तर एखादी संधी हुकते. मध्यरक्षकाने चुकविले, तर संपूर्ण संघ उघडा पडतो. मध्यरक्षकांतही दोन प्रकार असतात. एक सर्जक, ज्याच्या पासमुळे प्रेक्षक उठून उभे राहतात. दुसरा बचावात्मक. समोरच्याचा पास वाटेतच अडविणे, बाजूचा बचावपटू पुढे धावत गेला की त्याची रिकामी जागा भरून काढणे, आघाडी आणि बचाव यांतील अंतर वाढू न देणे, आणि चेंडू हाती लागताच तो पाच-दहा पावलांवर असलेल्या अधिक कुशल सहकाऱ्याच्या पायाशी नेऊन देणे, ही याची कामे. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या नावाने शिट्ट्या वाजतात. साखळी धरून उभ्या असलेल्या गड्याचा हात सुटला नाही म्हणून कोणी शिट्टी वाजवीत नाही. हे काम त्याच जातीचे आहे. देशाँ फ्रान्सकडून १०३ सामने खेळले आणि त्यांत त्यांचे गोल झाले अवघे चार.

त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९६८ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील बायोन या गावी झाला. हा बास्क लोकांचा प्रदेश. स्पेनची सीमा हाकेच्या अंतरावर. येथे फुटबॉलपेक्षा रग्बीचे वेड अधिक, आणि देशाँही बालपणी रग्बी खेळले. पुढे गावच्या क्लबात त्यांचा फुटबॉल पाहून नाँत या शहराच्या क्लबाने १९८३ साली त्यांना आपल्या प्रशिक्षण केंद्रात घेतले. वयाच्या पंधराव्या वर्षी घर सोडून शेकडो किलोमीटर दूर, अनोळखी मुलांसोबत राहावयाचे, शिकावयाचे आणि खेळावयाचे. मुलाला निवासी संस्थेच्या दारात सोडून परत फिरणाऱ्या आईबापांच्या मनाची अवस्था आमच्या पालकवर्गास निराळी सांगावयास नको. त्याच केंद्रात मार्सेल देसायी नावाचा एक उंच मुलगा होता. आडनाव ऐकून कोणी त्यास कोकणातला समजू नये. त्याचा जन्म घाना देशातील आक्रा शहरी झाला होता. या दोघांची मैत्री तेथे जुळली आणि पुढे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत टिकली.

नाँतच्या क्लबाची खेळाची स्वतःची पद्धती होती आणि झाँ-क्लोद स्युओदो हे प्रशिक्षक तिचे कडवे पुरस्कर्ते होते. चेंडू क्षणभरही अडवून ठेवू नये, देताच हलावे, आणि मिळण्यापूर्वीच तो कोणाकडे द्यावयाचा हे ठरलेले असावे. ज्याच्या अंगी वेग नाही, उंची नाही, पायात जादूही नाही, अशा मुलाला या पद्धतीत वाव होता, कारण येथे डोळ्यांनी आणि डोक्याने खेळावयाचे होते. १९८५ च्या सप्टेंबरात, सतरावे वर्ष पुरे होण्याआधीच, देशाँ पहिल्या संघातून खेळले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८७ च्या डिसेंबरात, त्यांच्या थोरल्या भावाचा बोर्दो शहराजवळ विमान अपघातात मृत्यू झाला. त्या वेळी देशाँ एकोणीस वर्षांचे होते. या दुःखाविषयी ते जाहीरपणे फारसे बोललेले नाहीत. आम्हीही येथे अधिक लिहीत नाही. याच सुमारास नाँतचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले.

पुढील चार-पाच वर्षे भराभर सांगण्यासारखी आहेत. १९८९ मध्ये ते मार्सेय या बंदरशहराच्या श्रीमंत क्लबाकडे गेले, एक हंगाम बोर्दोकडे उसने दिले गेले, परत आले, आणि २६ मे १९९३ रोजी म्युनिक येथे त्यांनी कर्णधार म्हणून युरोपचा चॅम्पियन्स लीग चषक उचलला. मिलान संघाविरुद्ध एकमेव गोल बाझिल बोली या बचावपटूने हेडरने केला होता. फ्रान्सच्या कोणत्याही क्लबाला तोवर हा चषक मिळाला नव्हता. परंतु त्याच मोसमात मार्सेयच्या व्यवस्थापनाने एका स्थानिक लीग सामन्यात लाच देऊन प्रतिस्पर्धी खेळाडूंना फितविल्याचे उघडकीस आले. फ्रेंच लीगचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि १९९४ मध्ये क्लबाला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले. देशाँ यांच्यावर कसलाही ठपका नव्हता. तरी स्वतः खेळून मिळविलेल्या यशावर दुसऱ्याच्या पापाचा डाग पडलेला पाहणे म्हणजे काय, हे त्यांना पंचविसाव्या वर्षी कळले. पुढे हा प्रसंग वेगळ्या रूपांत दोनदा त्यांच्या वाट्यास येणार होता.

त्याच वर्षी दुसरा आघात झाला. १९९४ च्या विश्वचषकास पात्र ठरण्यासाठी फ्रान्सला घरच्या शेवटच्या दोन सामन्यांतून केवळ एक गुण हवा होता. इस्रायलविरुद्ध ते अखेरच्या क्षणी हरले. १७ नोव्हेंबर रोजी पॅरिसमध्ये बल्गेरियाविरुद्ध बरोबरी चालू असताना शेवटच्या मिनिटाला कोस्तादिनोव्ह याने गोल केला आणि फ्रान्सचा विश्वचषक घरीच संपला. त्या मैदानावर देशाँ होते, आणि एरिक कँतोना हेही होते. कँतोना म्हणजे त्या पिढीचे सर्वांत तेजस्वी, मानी आणि बेबंद प्रतिभावंत. पुढे एमे जाके या नव्या प्रशिक्षकांनी त्यांना कर्णधार केले. पण १९९५ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये एका प्रेक्षकास त्यांनी लाथ मारली, प्रदीर्घ बंदी ओढवून घेतली आणि राष्ट्रीय संघातील त्यांचे स्थान कायमचे गेले. १९९६ च्या युरोपीय स्पर्धेत कर्णधाराची पट्टी देशाँ यांच्या दंडावर होती.

आता त्या प्रसिद्ध शब्दाकडे येऊ. १९९६ साली देशाँ इटलीतील युव्हेंतुस क्लबाकडून खेळत होते आणि कँतोना मँचेस्टर युनायटेडकडून. दोन्ही संघांची गाठ पडावयाची होती. त्या सुमारास कँतोना यांनी देशाँ यांना 'पाणी वाहणारा' म्हटले. असे खेळाडू कोणत्याही गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतात, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मराठीत सांगावयाचे तर 'पाणक्या'. शब्दाचा मूळ संदर्भ सायकल शर्यतीचा आहे. फ्रान्सची जी सुप्रसिद्ध तीन आठवड्यांची सायकल शर्यत, तीत प्रत्येक संघाचा एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. ते मागे येऊन संघाच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या घेतात, अंगरख्यात कोंबतात आणि पुन्हा जीव तोडून नायकापर्यंत पोहोचतात. स्वतः पुढे राहून त्याच्यावर येणारा वारा अडवितात. ते जिंकत नाहीत. जिंकण्यासाठी त्यांना ठेवलेलेच नसते.

कँतोना यांनी हा शब्द अपमानासाठी योजला यात शंका नाही. पण वर्णन म्हणून तो शंभर टक्के खरा होता, आणि गंमत तेथेच आहे. युव्हेंतुसमध्ये झिनेदिन झिदान नावाचा नवा तारा आला होता आणि देशाँ त्याच्यासाठी अक्षरशः पाणी भरत होते. चेंडू मिळवावा आणि त्याला नेऊन द्यावा. देशाँ यांनी तो शब्द कधी नाकारल्याचे दिसत नाही. आपल्या कपाटात युरोपचे किती चषक आहेत याकडे मात्र त्यांनी बोट दाखविले. म्युनिकनंतर १९९६ मध्ये रोम येथे युव्हेंतुसकडून त्यांनी दुसऱ्यांदा तो चषक जिंकला होता. कँतोना यांच्याजवळ एकही नव्हता. आमच्या मते कँतोना यांची चूक दुसरी होती. पाणी वाहणाऱ्यास संघातील प्रत्येकाची तहान ठाऊक असते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली नाही. कोण दमला आहे, कोणाला चेंडू डाव्या पायावर हवा, कोण चिडला आहे, कोणाला दोन शब्द ऐकवावे लागतील आणि कोणाला चार दिवस काहीच बोलू नये, हे सारे ज्ञान त्या कामातूनच येते. तारा स्वतःचा खेळ ओळखतो. पाणक्या उरलेल्या दहांचाही ओळखतो.

१९९८ चा विश्वचषक फ्रान्समध्येच झाला. जाके यांच्या संघाविषयी देशात फारसा विश्वास नव्हता. वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली होती. कँतोना यांच्यासारखी माणसे डावलून हे मजूर घेऊन कोणी जिंकते काय, असा सूर होता. जाके आणि देशाँ या दोघांचे फुटबॉल एकच होते. झिदान यांच्या मागे देशाँ, पेती आणि कारांबू असे तीन राबणारे मध्यरक्षक, त्यांच्या मागे चिरेबंदी बचाव. पॅराग्वेविरुद्धचा सामना जादा वेळेत लोराँ ब्लाँ यांच्या गोलाने सुटला, इटलीविरुद्धचा पेनल्टी शूटआउटमध्ये. उपांत्य सामन्यात क्रोएशियाने आघाडी घेतली, तेव्हा लिलियाँ थ्युराम या बचावपटूने दोन गोल केले. या थ्युराम यांनी आयुष्यात १४२ आंतरराष्ट्रीय सामने खेळून दुसरे गोल केलेच नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संध्याकाळचे नवल कळते. १२ जुलै रोजी पॅरिसजवळील सँ-दनी येथे ब्राझीलविरुद्ध अंतिम सामना झाला. झिदान यांनी कॉर्नरवरून आलेल्या चेंडूंवर डोक्याने दोन गोल केले. उत्तरार्धात देसायी यांना लाल कार्ड मिळाले, शेवटची वीसेक मिनिटे दहा जणांनी काढली, आणि तरी तिसरा गोल फ्रान्सचाच झाला. चषक उचलला तो पाणक्याने. झिदान यांचे चित्र पॅरिसच्या विजयकमानीवर झळकले, तेही योग्यच होते.

दोन वर्षांनी, २००० साली, रॉटरडॅम येथे इटलीविरुद्ध युरोपचे अजिंक्यपदही याच संघाने जिंकले. सामना हातचा गेला असता विल्तोर यांनी अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि जादा वेळेत पिरेस यांच्या पासवर त्रेझेगे यांनी निर्णायक गोल केला. येथे आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा हे दाविद त्रेझेगे पुण्याच्या संघाकडून आणि रोबेर पिरेस गोव्याच्या संघाकडून खेळले. उतारवयातले होते खरे. पण देशाँ यांच्या हाताखालचे ते दोन गडी आपल्या मातीवर धावून गेले आहेत.

देशाँ यांनी २००१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, खेळणे थांबविले आणि लगेच मोनाको क्लबाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. अनेक थोर खेळाडू या टप्प्यावर अडखळतात. जे आपणांस सहज जमत होते ते दुसऱ्यास का जमत नाही, हेच त्यांना उमजत नाही. देशाँ यांना काहीच सहज जमले नव्हते, त्यामुळे ही अडचण त्यांना आली नसावी असा आमचा तर्क आहे. तरी पहिल्या हंगामात मोनाको पंधराव्या स्थानी राहिला! क्लब कर्जात बुडालेला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच क्लबाने रेआल माद्रिद आणि चेल्सी यांना बाद करून चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली. रेआलने आपला मोरिएंतेस हा आघाडीपटू मोनाकोला उसना दिला होता आणि त्यानेच रेआलविरुद्ध गोल केले. अंतिम सामना पोर्तोने ३-० असा जिंकला.

२००६ मध्ये त्यांनी जे पद घेतले, ते घेण्यास फारसे कोणी धजावले नसते. पंच नियुक्त करण्यात ढवळाढवळ केल्याच्या प्रकरणी युव्हेंतुसची विजेतेपदे काढून घेण्यात आली होती आणि त्या मातब्बर क्लबास दुसऱ्या श्रेणीत, तेही गुणांच्या वजाबाकीसह, टाकण्यात आले होते. अनेक तारे सोडून गेले. बुफाँ, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे राहिले. नुकतेच जगज्जेते झालेले बुफाँ आणि देल पिएरो लहान गावांच्या छोट्या मैदानांवर खेळू लागले. एकाच हंगामात संघ वर आला. पण व्यवस्थापनाशी न पटल्याने हंगामाचे शेवटचे सामने बाकी असतानाच देशाँ यांनी राजीनामा दिला. माणूस वाटतो तितका मवाळ नाही. त्यानंतर २००९ मध्ये ते मार्सेयला परतले. म्युनिकच्या त्या रात्रीनंतर हा क्लब सावरलाच नव्हता. २०१० मध्ये देशाँ यांनी त्यास अठरा वर्षांनी फ्रेंच लीगचे विजेतेपद मिळवून दिले.

आणि मग तिसरे डागाळलेले घर. २०१० च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेत फ्रान्सच्या संघात जे घडले, ते क्रीडाजगतात क्वचितच घडते. निकोला आनेल्का यांनी प्रशिक्षक दोमेनेक यांना अपशब्द वापरल्यावरून त्यांना घरी पाठविण्यात आले. निषेध म्हणून बाकीचे खेळाडू सरावास नकार देऊन बसमध्ये बसून राहिले, आणि त्यांचे निषेधपत्र खुद्द प्रशिक्षकांनाच पत्रकारांपुढे वाचून दाखवावे लागले. सारे जग ते दृश्य पाहत होते. (हेच आनेल्का २०१४ मध्ये मुंबईच्या संघात होते आणि पुढच्या हंगामात त्याचे खेळाडू-प्रशिक्षकही झाले.) २०१२ च्या जुलैत देशाँ राष्ट्रीय प्रशिक्षक झाले, तेव्हा मायदेशातच या संघाची प्रतिष्ठा उरलेली नव्हती.

फ्रेंच भाषेत राष्ट्रीय प्रशिक्षकास 'सेलेक्सियोनर' म्हणतात, म्हणजे 'निवड करणारा'. हा शब्द अचूक आहे. क्लबाचा प्रशिक्षक रोज शिकवू शकतो. राष्ट्रीय प्रशिक्षकास खेळाडू वर्षातून मोजके दिवस मिळतात. त्याची सारी विद्या निवडीत असते. देशाँ यांची धारणा अशी, की देशातील सर्वोत्तम खेळाडूंची यादी करणे वेगळे आणि सर्वोत्तम संघ करणे वेगळे. २०१४ मध्ये त्यांनी सामिर नास्री यांना वगळले आणि कारण उघड सांगितले : राखीव बसावे लागले तर ते नाराज असतात आणि ती नाराजी संघास जाणवते. २०१८ मध्ये आद्रियाँ राबियो यांनी राखीव यादीत राहण्यास नकार कळविला. ते बाहेर राहिले. पण दोन वर्षांनी देशाँ यांनीच त्यांना परत बोलाविले आणि २०२२ च्या विश्वचषकात ते मध्यफळीचा आधार होते.

यश लगेच आले नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात युक्रेनविरुद्धच्या पात्रता लढतीचा पहिला सामना फ्रान्सने कीव्ह येथे ०-२ असा गमावला. पुन्हा तेच १९९३ चे भूत. चार दिवसांनी संघात अनेक बदल करून त्यांनी सँ-दनी येथे ३-० असा विजय मिळविला. त्यातील दोन गोल मामादू साको या बचावपटूच्या नावे लागले. त्या सामन्यात निकाल उलटा लागता तर देशाँ यांची कारकीर्द तेथेच संपली असती. २०१६ मध्ये युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना घरच्या मैदानावर पोर्तुगालविरुद्ध ०-१ असा हरले, तेही रोनाल्डो दुखापतीने लवकर बाहेर गेलेले असताना. हा पराभव त्यांना फार लागला.

२०१८ चा रशियातील विश्वचषक हा त्यांच्या विचाराचा सर्वांत स्पष्ट नमुना होय, म्हणून तेथे थोडे थांबू. पहिल्या सामन्यात त्यांनी एम्बापे, ग्रीझमान आणि देम्बेले असे तीन चपळ आघाडीपटू खेळविले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजय मिळाला, पण खेळ विसविशीत झाला. दुसऱ्या सामन्यापासून देम्बेले बाहेर गेले. डाव्या बगलेवर आले ब्लेझ मातुइदी. हे मूळचे मध्यरक्षक, धावण्यात अथक, पण बगलेवरचे कलाकार मुळीच नव्हेत. मध्यभागी आले उंचापुरे ओलिव्हिए जिरू. वरकरणी संघ दुबळा झाला. प्रत्यक्षात काय झाले? डाव्या बाजूस मातुइदी मागे येऊन जागा राखीत, म्हणून उजवीकडे एकोणीस वर्षांच्या एम्बापेला मागे येण्याची सक्ती उरली नाही. जिरू दोन बचावपटूंना अंगावर घेत, म्हणून ग्रीझमानला मोकळी जागा मिळे. मध्ये एन्गोलो काँते हे छोट्या चणीचे मध्यरक्षक पूर्वी देशाँ जे करीत तेच, त्यांच्याहूनही वेगाने, करीत होते. जिरू यांचा त्या साऱ्या स्पर्धेत गोलाच्या दिशेने नेमका गेलेला एकही फटका नाही. जगज्जेत्या संघाचा मुख्य आघाडीपटू आणि एकही गोल नाही! तरी देशाँ यांनी त्यांना प्रत्येक सामन्यात खेळविले. आघाडीच्या जागेवरही त्यांनी एक पाणक्याच नेमला होता.

अर्जेंटिनाविरुद्ध ४-३, उरुग्वेविरुद्ध २-०, बेल्जियमविरुद्ध कॉर्नरवरून उमतीतींचा एक गोल, आणि १५ जुलै रोजी मॉस्कोत क्रोएशियाविरुद्ध ४-२. अंतिम सामन्यात चेंडू अधिक काळ क्रोएशियाकडे होता. पारितोषिक वितरणाच्या वेळी धो धो पाऊस आला आणि देशाँ चिंब भिजले.

यावर टीका झाली आणि ती आम्हांस सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. इतके गुणी खेळाडू हाताशी असता संघास मागे रोखून खेळविणे, प्रतिस्पर्ध्याच्या चुकीची वाट पाहणे, हे पाहणाऱ्यास रुक्ष वाटते. आणि बांध फुटला तर पर्यायही नसतो. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध फ्रान्स ३-१ असे पुढे होते. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाऊन ते पेनल्टींवर हरले. सामना थोपवून धरणे हीच ज्यांची विद्या, त्यांच्याच संघाला तो थोपविता आला नाही. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेत उपांत्य फेरी गाठेपर्यंत फ्रेंच खेळाडूने चालत्या खेळातून एकही गोल केला नव्हता; सारे गोल पेनल्टीवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या स्वयंगोलाने आले. सावधगिरीलाही मर्यादा हवी.

करीम बेंझेमा प्रकरण याहून गंभीर. एका सहकाऱ्यास धमकाविण्याच्या खटल्यात नाव आल्याने हे थोर आघाडीपटू २०१५ पासून संघाबाहेर राहिले. देशाँ हे फ्रान्समधील वर्णद्वेषी गटाच्या दडपणास बळी पडले, असे बेंझेमा २०१६ मध्ये म्हणाले आणि त्यानंतर देशाँ यांच्या घराच्या भिंतीवर कोणी 'वर्णद्वेषी' असे रंगविले. हा घाव ते विसरले नाहीत. २०१८ च्या संघातील बहुसंख्य खेळाडू स्थलांतरित कुटुंबांतले होते. तेव्हा निवडीतील भेदाचा आरोप त्यांच्यावर टिकत नाही, असे आमचे मत आहे. तरीही २०२१ मध्ये त्यांनी बेंझेमा यांना परत घेतले. दोघांत दीर्घ बोलणे झाले. काय झाले ते देशाँ यांनी सांगितले नाही.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी क्षण पराभवाच्या सामन्यातला आहे. १८ डिसेंबर २०२२, कतार, अंतिम सामना. काँते, पोग्बा, बेंझेमा दुखापतींमुळे नव्हते. अर्जेंटिना २-० ने पुढे. मध्यंतरास अद्याप काही मिनिटे असताना, एकेचाळिसाव्या मिनिटाला, देशाँ यांनी जिरू आणि देम्बेले यांना बाहेर बोलाविले. जिरू हे तोवर फ्रान्सचे सर्वाधिक गोल करणारे खेळाडू झाले होते. त्यांना अंतिम सामन्यात मध्यंतराआधी काढणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. त्यांच्या जागी कोलो मुआनी आणि मार्क्युस थ्युराम आले. ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली ती कोलो मुआनी यांना पाडल्यामुळे. लगेचच दुसरा गोल एम्बापे यांनी केला तो थ्युराम यांनी दिलेल्या चेंडूवर. हे मार्क्युस म्हणजे १९९८ च्या उपांत्य सामन्यात दोन गोल करणाऱ्या लिलियाँ थ्युराम यांचे चिरंजीव. सामना ३-३ असा सुटला आणि पेनल्टींवर अर्जेंटिना जिंकली.

२०२६ च्या विश्वचषकानंतर आपण पद सोडणार, असे देशाँ यांनी २०२५ च्या जानेवारीत जाहीर केले. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी पुरुषांचा विश्वचषक जिंकण्याचा मान त्यांच्याआधी दोघांनाच मिळाला होता : ब्राझीलचे मारिओ झागालो आणि जर्मनीचे फ्रान्झ बेकेनबाउर. २०२४ च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतराने हे दोघेही निवर्तले. त्या तिघांतले आज देशाँ एकटे हयात आहेत. यांतले झागालो तरुणपणी डाव्या बगलेवर खेळत आणि चेंडू गेला की मागे धावून मध्यफळीच्या मदतीस येत, म्हणून ब्राझीलचे लोक त्यांना 'छोटी मुंगी' म्हणत. १९९८ च्या त्या रात्री सँ-दनीच्या मैदानावर देशाँ चषक उचलीत होते, तेव्हा ब्राझीलचे प्रशिक्षक हेच झागालो होते.